नवशिक्याचा प्रश्न आणि जाणकाराचे उत्तर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बदलापूरला आमच्याच इमारतीत राहणारा एक मुलगा उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होता. विषय संगणकशास्त्र. एका संध्याकाळी तो वही घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही सायंटिस्ट आहात ना? मग सांगा, संगणकाचं डोकं फिरलंय की माझं?"

मी रसायनशास्त्रातली. प्रयोगातले आकडे तपासण्यापुरते प्रोग्रॅम लिहिते, त्यापलीकडे माझा अधिकार नाही. तरी वही पाहिली. दिलेल्या संख्येचे फॅक्टोरियल काढायचा प्रोग्रॅम त्याने लिहिला होता. फॅक्टोरियल म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या पूर्णांकांचा गुणाकार. ५ चे फॅक्टोरियल १ × २ × ३ × ४ × ५, म्हणजे १२०. प्रोग्रॅम जेमतेम दहा ओळींचा होता आणि मला तरी त्यात चूक दिसेना. पण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ८ ही संख्या दिल्यावर पडद्यावर उत्तर आले होते उणे २५,२१६.

धन संख्यांना धन संख्यांनी गुणत गेल्यावर उत्तर ऋण कसे येईल? मुलाचा प्रश्न रास्त होता. त्याने तो आधी विद्यार्थ्यांच्या एका गटात विचारलाही होता. हा गट इंटरनेटवर भरणारा. राज्यातली आणि बाहेरची शेकडो मुले, काही नोकरी करणारे तरुणही त्यात. त्याने पडद्याचा फोटो टाकून लिहिले होते, "फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम चुकीचे उत्तर देतो. अर्जंट मदत करा." अर्ध्या तासात चार उत्तरे आली. पहिला म्हणाला, "माझ्याकडे बरोबर चालतंय." दुसरा म्हणाला, "स्वतःचा गृहपाठ स्वतः कर." तिसऱ्याने फोटोतला निळा पडदा ओळखला आणि लिहिले, "टर्बो फेकून दे. या जमान्यात ते कोण वापरतं?" चौथ्याने आपला संपूर्ण प्रोग्रॅम पाठवला, तो प्रयोगशाळेतल्या संगणकावर सुरूच झाला नाही. मुलाने यावरून काढलेला निष्कर्ष मला सर्वांत गंभीर वाटला. तो म्हणाला, "मला हे जमणार नाही बहुतेक."

आपल्याकडे प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या किती तरी मुलांना अशीच अनोळखी माणसांची मदत घ्यावी लागते. घरात विचारायला कोणी नसते, प्रयोगशाळेत एका शिक्षकामागे खूप मुले असतात आणि अडचण तर रात्री दहा वाजता येते. ही मदत कशी मिळते, तिच्यात काय चांगले आणि काय उणे आहे, याचा विचार शिक्षकांनी करायला हवा.

आठचे उत्तर उणे का आले?

आधी त्या उण्या उत्तराचा उलगडा करू. संगणक प्रत्येक संख्या ० आणि १ या दोनच अंकांत साठवतो. अशा एका अंकाच्या जागेला बिट म्हणतात. मुलाच्या प्रयोगशाळेत टर्बो सी++ हा कंपायलर (आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा भाषांतरक) होता. बोरलँड या अमेरिकी कंपनीने १९९० च्या सुमारास तो डॉस या तेव्हाच्या कार्यप्रणालीसाठी काढला. या कंपायलरमध्ये साध्या पूर्णांकाला, ज्याला सी भाषेत ‘इंट’ म्हणतात, १६ बिट जागा मिळते. १६ जागांमध्ये ० आणि १ मांडण्याचे एकूण प्रकार ६५,५३६. त्यातले निम्मे ऋण संख्यांसाठी राखलेले. म्हणजे उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतच्याच संख्या तिथे मावतात.

७ चे फॅक्टोरियल ५,०४०. ते मावते. ८ चे ४०,३२०. ते मावत नाही. जुन्या स्कूटरवरचा किलोमीटरचा आकडा ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतो, तसे इथे ३२,७६७ च्या पुढे गेले की गणती उणे ३२,७६८ वर उडी मारते. म्हणून ४०,३२० मधून एक पूर्ण फेरा, म्हणजे ६५,५३६ वजा करायचे. उत्तर उणे २५,२१६. मुलाच्या पडद्यावर नेमके हेच होते. (सी भाषेच्या प्रमाण नियमांत मर्यादा ओलांडल्यावर काय व्हावे याची हमी दिलेली नाही, बहुतेक संगणकांवर मात्र असेच घडताना दिसते.)

आता त्या चार उत्तरांकडे पुन्हा पाहू. "माझ्याकडे बरोबर चालतंय" म्हणणारा खोटे बोलत नव्हता. अलीकडच्या कंपायलरमध्ये ‘इंट’ला सहसा ३२ बिट मिळतात आणि कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ इतकी होते. त्याच्या संगणकावर ८ चे उत्तर ४०,३२० च येणार. "टर्बो फेकून दे" हा सल्लाही एरवी वावगा नाही. सी++ भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली ठरले. टर्बो त्याच्या आधीचा. तरीही आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत तो त्यानंतर वर्षानुवर्षे वापरात राहिला.

पण समजा, मुलाने सल्ला ऐकून टर्बो फेकून दिला असता. नव्या कंपायलरवर ८ चे उत्तर बरोबर आले असते, ९ चे आले असते, अगदी १२ चे ४७,९०,०१,६०० सुद्धा बरोबर आले असते. १३ चे खरे उत्तर ६,२२,७०,२०,८००. ते ३२ बिटांत मावत नाही. पडद्यावर दिसले असते १,९३,२०,५३,५०४. ही संख्या धन आहे, भलीमोठी आहे, दिसायला अगदी विश्वासार्ह आहे आणि साफ चूक आहे. टर्बोने निदान उणे चिन्ह दाखवून मुलाला सावध केले होते. नव्या कंपायलरने तेही केले नसते. मिळालेल्या सल्ल्याने चूक दुरुस्त होणार नव्हती, ती फक्त डोळ्यांआड गेली असती.

१३ च्या फॅक्टोरियलमध्ये ५ आणि १० हे दोन्ही गुणक आहेत, तेव्हा उत्तराच्या शेवटी दोन शून्ये आलीच पाहिजेत. पडद्यावरच्या संख्येच्या शेवटी ०४ आहे. एवढे पाहणाऱ्याला चूक कळते. त्यासाठी संगणकशास्त्र लागत नाही, सहावी-सातवीचे गणित पुरते.

माथेरानचे पाणी

माझ्या मते इथे दोन्ही बाजूंची चूक झाली. आधी विचारणाऱ्याची. "चुकीचे उत्तर देतो" एवढेच त्याने लिहिले. कोणती संख्या दिली, कोणते उत्तर यायला हवे होते, कोणते आले, कोणत्या कंपायलरवर आले, ७ ला काय येते, यातले काहीच त्याने लिहिले नव्हते. सगळे फोटोत होते म्हणावे तर फोटो वाचण्याची जबाबदारी त्याने दुसऱ्यावर टाकली होती.

विज्ञानशिक्षकांना ही चूक ओळखीची वाटेल. समजा, नेरळहून माथेरानला सहलीला गेलेल्या एका मुलीने तिथे पाणी उकळून पाहिले आणि तापमापी ९७ अंशांच्या आसपास थांबली. परत येऊन ती म्हणाली, "पुस्तक चुकीचे आहे." आपण तिला काय विचारू? तापमापी कोणती, पाणी कसले, प्रयोग कुठे केला? माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे हे कळले की कोडे सुटते. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानाला उकळते. "आमच्या बदलापुरात तर शंभरालाच उकळते" हे वाक्य खरे असूनही तिच्या निरीक्षणाला उत्तर ठरत नाही. उलट, दोन ठिकाणची दोन खरी निरीक्षणे वेगळी आली, इथूनच विज्ञान सुरू होते.

संगणकाच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो. यंत्र आहे म्हणजे सगळीकडे सारखेच चालणार, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात कंपायलर कोणता, भाषेची आवृत्ती कोणती, कार्यप्रणाली कोणती, यावर उत्तर अवलंबून असते. प्रयोगवहीत ‘साहित्य’ हा रकाना आपण ज्या कारणासाठी भरायला लावतो, त्याच कारणासाठी प्रश्नातही तो भरला पाहिजे.

जुनी परंपरा

अनोळखी जाणकारांना प्रश्न विचारण्याची ही रीत नवी नाही. १९८० साली अमेरिकेतल्या विद्यापीठांतून यूजनेट ही व्यवस्था सुरू झाली. तिच्यात विषयवार चर्चागट असत आणि सी भाषेचा गट त्यांत गाजलेला होता. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले, तेव्हा स्टीव्ह समिट या प्रोग्रॅमरने १९९० पासून वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरांसह यादी तयार केली. पुढे तिचे पुस्तकही निघाले. आपल्याकडे तेव्हा हे जाळे मोजक्या संशोधनसंस्थांपुरते होते; सामान्य माणसासाठी इंटरनेट आले ते विदेश संचार निगममार्फत १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

२००१ मध्ये एरिक रेमंड आणि रिक मोएन यांनी प्रश्न शहाणपणाने कसे विचारावेत यावर एक मार्गदर्शिका लिहिली. तिच्यातला सल्ला आजही मोलाचा आहे. आधी स्वतः शोधा, काय करून पाहिले ते सांगा, आपला तर्क सांगण्याआधी दिसलेले लक्षण सांगा, यंत्राची माहिती द्या. पण तिचा सूर कडक आहे आणि नवख्याला ती पायरी दाखवते. सारा भार विचारणाऱ्यावर आहे. उत्तर देणाऱ्याने कसे वागावे याला तिच्यात जागा आहे, पण थोडीच. या परंपरेतून शिस्त आली तशी एक प्रकारची घमेंडही आली, असे म्हणावेसे वाटते.

भांडार की शाळा?

सप्टेंबर २००८ मध्ये जेफ अॅटवूड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केले. जगभरच्या प्रोग्रॅमरनी एकमेकांना प्रश्न विचारायचे, उत्तरे द्यायची आणि वाचकांनी मते देऊन चांगले उत्तर वर आणायचे, अशी ही योजना. उत्तराला एक अनुकूल मत मिळाले की देणाऱ्याच्या खात्यात १० गुण जमा होतात. मजकूर खुल्या परवान्याखाली असल्याने तो कोणालाही वापरता येतो. या योजनेने प्रोग्रॅमिंगच्या ज्ञानाचे केवढे भांडार उभे केले, हे त्या क्षेत्रातला कोणीही सांगेल. मी स्वतः तिथून अनेकदा मदत घेतली आहे आणि तीही एकही प्रश्न न विचारता. माझा प्रश्न आधीच कोणीतरी विचारलेला असे.

इथेच त्या योजनेचे बळ आहे आणि नवशिक्याच्या दृष्टीने तिची उणीवही. तिथले प्रश्नोत्तर हे विचारणाऱ्यापेक्षा पुढे शोधत येणाऱ्या हजारोंसाठी आहे. म्हणून आधी विचारलेला प्रश्न पुन्हा आला की तो बंद होतो आणि जुन्याकडे बोट दाखवले जाते. भांडाराच्या दृष्टीने हे योग्यच. ग्रंथालयात एकाच पुस्तकाच्या पन्नास नोंदी कशाला? पण आपला प्रश्न आणि तो जुना प्रश्न एकच आहे, हे ओळखायलाच तर नवशिक्याला मदत हवी असते. उणे २५,२१६ पाहून गोंधळलेल्या मुलाला ‘पूर्णांकाची मर्यादा ओलांडणे’ हे शब्द माहीत नसतात. ते माहीत असते तर त्याने प्रश्नच विचारला नसता.

दुसरा नियम पाहा. दुसऱ्याच्या मजकुराखाली शेरा लिहायला तिथे किमान ५० गुण लागतात. म्हणजे जुने उत्तर वाचून "ही तिसरी पायरी मला समजली नाही" एवढे विचारायची मुभा नवागताला नाही. फालतू शेऱ्यांना आळा बसावा म्हणून केलेला हा नियम शाळेत लावून पाहा. हात वर करण्यासाठी आधी पन्नास गुण मिळवून ये, असे आपण मुलाला सांगू का?

नवख्यांना, विशेषतः स्त्रियांना आणि इतर उपेक्षित गटांना, आपल्याकडे परके वाटते, ही कबुली त्या कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये जाहीरपणे दिली आणि त्याच वर्षी वर्तनाचे नवे नियम केले. कबुली देणे सोपे नव्हते, त्याचे श्रेय द्यायला हवे. पण मला वाटते, रोग उद्धटपणाइतकाच उद्दिष्टात होता. भांडार नीटनेटके ठेवणे आणि शिकणाऱ्याला हाताला धरून नेणे ही दोन कामे वेगळी आहेत. एकाच जागी, एकाच नियमाने ती होत नाहीत.

भाषेचा मुद्दा वेगळाच. इंग्रजीखेरीज पोर्तुगीज, स्पॅनिश, रशियन आणि जपानी या भाषांत स्टॅक ओव्हरफ्लोच्या शाखा निघाल्या. एकाही भारतीय भाषेत निघाली नाही. उल्हासनगरचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचे हे गाव. वर्गात कोणी घरी सिंधी बोलतो, कोणी मराठी, कोणी हिंदी किंवा गुजराती. आपल्या भाषेत हीच मुले अडचण बारकाईने सांगू शकतात. "सातपर्यंत बरोबर येतं, आठला एकदम उणे होतं" हे त्या मुलाने मला तोंडी सांगितलेले वाक्य प्रश्न म्हणून उत्तम होते. पण तेच इंग्रजीत लिहायची वेळ आली की त्याचे ‘नॉट वर्किंग’ होते. निरीक्षण नीट होते, ते भाषांतरात हरवले.

पवईचा प्रयोग

आपल्या जवळ, पवईच्या आयआयटीत, या अडचणींचा विचार करणारा एक प्रकल्प उभा राहिला, त्याचे नाव स्पोकन ट्यूटोरियल. केमिकल इंजिनिअरिंग विभागातले प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी केंद्र सरकारच्या मदतीने तो चालवला. साधारण दहा मिनिटांचे दृकश्राव्य धडे, पडद्यावर प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहून दाखवायचा आणि सोबत निवेदन. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. विद्यार्थ्याने अर्ध्या पडद्यावर धडा लावायचा, उरलेल्या अर्ध्यावर तेच स्वतः करून पाहायचे.

प्रश्न विचारण्याची तिथली व्यवस्था मला फार आवडली. विद्यार्थ्याने प्रश्न विचारताना कोणत्या धड्याच्या कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला अडले ते नोंदवायचे. साधी गोष्ट, पण तिच्यामागे शिक्षकाची दृष्टी आहे. नवशिक्याला काय समजले नाही हे नेमके सांगता येत नाही, पण कुठे अडलो हे नक्की सांगता येते. वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवता येते. त्या बोटामुळे उत्तर देणाऱ्याला अडचणीचे स्थळ मिळते आणि विचारणाऱ्याला अपराधी वाटत नाही.

तरीही मर्यादा आहेत. निवेदन मराठी असले तरी पडद्यावरचा मजकूर इंग्रजीच राहतो. पुढे नोकरीत इंग्रजी पडदाच समोर येणार, हा त्यामागचा विचार आहे आणि तो पटण्यासारखा आहे. दुसरी मर्यादा अधिक मूलगामी. धड्याच्या सेकंदाला बांधलेला प्रश्न धड्याच्या आतच राहतो. ‘आठ दिल्यावर उणे का?’ हा प्रश्न मुलाने स्वतःच्या बुद्धीने वेगळी संख्या देऊन पाहिल्यावर निर्माण झाला. त्याचे मिनिट आणि सेकंद कोणते? शिकणे खऱ्या अर्थाने सुरू होते ते धड्याबाहेर पडल्यावर, आणि तिथेच ही सोय संपते.

तिसरी अडचण कोणत्याही धड्याला आणि उत्तराला असते, ती म्हणजे काळाची. पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘इनपुट’ ही आज्ञा ४५ आणि ३८ या संख्या म्हणूनच घेई आणि बेरीज ८३ देई. २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तीच आज्ञा त्यांना अक्षरे समजते आणि त्यांना शेजारी शेजारी ठेवून ४५३८ दाखवते. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली, पण तिच्या काळातली उत्तरे जागच्या जागीच आहेत. ती तेव्हा बरोबर होती. आज ती वाचणाऱ्याला फसवतात. उत्तरावरची तारीख आणि आवृत्ती पाहायची सवय म्हणून लावली पाहिजे.

न रागावणारा मदतनीस

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि चित्र पालटले. मराठीत विचारा, मोडक्या इंग्रजीत विचारा, रात्री दोनला विचारा. उत्तर तत्काळ आणि नम्र. स्टॅक ओव्हरफ्लोवर येणारे नवे प्रश्न त्यानंतर खूपच घटले. अपमान गिळून मदत मागण्यापेक्षा न रागावणाऱ्या यंत्राला विचारणे मुलांनी पसंत केले असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा? फॅक्टोरियलचा आपला प्रश्न असे यंत्र बहुधा बरोबर सोडवील, कारण तो जगात असंख्य वेळा विचारला गेला आहे. त्या जुन्या भांडारांतल्या लाखो अनामिकांचे श्रम या यंत्रांच्या कामी आले आहेत, हेही विसरू नये.

पण स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्येच अशा यंत्राने लिहिलेली उत्तरे टाकायला मनाई केली, ती का? ती उत्तरे दिसायला बरोबर असत आणि पुष्कळदा चुकीची निघत. १,९३,२०,५३,५०४ ची आठवण येते ना? दिसायला बरोबर असलेल्या चुकीला पकडण्याची क्षमता शिकणाऱ्यापाशी सर्वांत कमी असते. गटात कोणी चुकीचे उत्तर दिले तर दुसरा ते खोडून काढतो. यंत्राशी एकांतात बोलताना तो दुसरा नसतो.

आणखीही एक गोष्ट निसटते. अपुरा प्रश्न विचारला तरी यंत्र उरलेले अंदाजाने भरून उत्तर देते. त्यामुळे प्रश्न पुरा करण्याचे श्रम वाचतात. ते श्रम म्हणजेच निम्मे शिक्षण होते. कोणत्या संख्येपासून बिघडते हे शोधताना मूल ७ आणि ८ यांच्यामधली सीमा स्वतः गाठते. पुष्कळदा तिथेच उत्तरही सापडते.

शाळेत काय करता येईल?

यासाठी नवा तास किंवा नवा निधी लागत नाही. संगणकाच्या प्रयोगशाळेत एक प्रश्नवही ठेवावी. अडलेल्या मुलाने शिक्षकांना, मित्राला, गटाला किंवा यंत्राला विचारण्यापूर्वी तिच्यात आपल्या भाषेत पाच गोष्टी लिहाव्यात :

१. मला काय करायचे होते?
२. साहित्य : कोणती भाषा, कोणती आवृत्ती, कोणता कंपायलर?
३. काय दिले, काय यायला हवे होते, आणि नेमके काय आले? (आलेला संदेश जसाच्या तसा उतरावा.)
४. कुठपर्यंत बरोबर चालते आणि कुठे बिघडते? बिघाड दाखवणारे सर्वांत छोटे उदाहरण कोणते?
५. मी काय करून पाहिले?

चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. शंभर ओळींचा प्रोग्रॅम बिघडला तर निम्मा बाजूला काढून पाहावा. बिघाड उरला तर तो राहिलेल्या भागात, गेला तर काढलेल्या भागात. असे निम्मे-निम्मे करत सहा-सात वेळांत एका ओळीपर्यंत पोहोचता येते. दर वेळी इतके सरळ जमेल असे नाही, पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा नियम इथे हाताला लागतो.

प्रश्नवहीला दुसरे पानही असावे, उत्तर देणाऱ्याचे. वर्गात कोणीतरी पुढे गेलेला असतोच आणि उद्या तोच अशा गटांतून उत्तरे देणार असतो. त्याला शिकवायचे काय? उल्हासनगरला जीन्स शिवणारे किती तरी छोटे कारखाने आहेत. शिलाई यंत्र दुरुस्त करणाऱ्या कारागिराला "दोरा तुटतो" असे सांगितले तर "माझ्या यंत्रावर नाही तुटत" असे तो म्हणत नाही. सुई कितव्या नंबरची, दोरा कोणता, कापडाच्या एका पदरावर तुटतो की जाड शिवणीवर, असे तो विचारतो. गिऱ्हाईक शिलाईत तरबेज असले तरी यंत्राची भाषा त्याला येत नाही, हे कारागीर धरूनच चालतो. उत्तर देण्याआधी एक तरी प्रश्न उलट विचारायचा, आणि पूर्ण प्रोग्रॅम हाती न देता पुढची एक पायरी दाखवायची, एवढे दोन नियम पुरेत.

आमच्या शेजारच्या मुलाने त्या रात्री वहीत या गोष्टी लिहून काढल्या. १ ते ७ ला काय येते, ८ ला काय, कोणता कंपायलर. दुसऱ्या दिवशी त्याच गटात त्याने तो प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी एकच उत्तर आले, पण नेमके : "टर्बोमध्ये इंट १६ बिटांचा असतो. ३२,७६७ च्या पुढे काय होईल बघ." उत्तर देणारा कोण, कुठला, हे त्याला कळले नाही. त्याने ‘इंट’च्या जागी ‘लाँग’ वापरला, तेव्हा ८ चे उत्तर ४०,३२० आले. मी म्हटले, "आता १३ देऊन बघ." दोन दिवसांनी जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "काकू, तेराच्या उत्तराला शेवटी शून्यच नाहीत!" मला जमणार नाही हे वाक्य त्याने पुन्हा उच्चारले नाही.

जाता जाता वाचकांसाठी एक प्रश्न. त्याच टर्बोमध्ये साध्या ‘इंट’वर ९ चे उत्तर उणे ३०,३३६ येते, १० चे २४,३२०, आणि १८ पासून पुढच्या कोणत्याही संख्येचे उत्तर शून्य येते. शून्यच का, आणि १८ पासूनच का? १८ च्या फॅक्टोरियलमध्ये २ हा गुणक किती वेळा येतो, ते आपल्या विद्यार्थ्यांना मोजायला सांगावे.